कॉरिडॉर रीबिल्ड केला की लेन पुन्हा सरकते: सिव्हिल थ्रीडीत नेमकं कुठे पाहायचं

सिव्हिल थ्रीडी या रस्ते डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये लेनची कड हवी तिथे आणली, कॉरिडॉर (रस्त्याचं त्रिमितीय मॉडेल) रीबिल्ड केला, म्हणजे नव्याने बनवायला लावला, आणि कड पुन्हा जुन्या जागी. एका वळणावर रुंदी व्यवस्थित वाढली, पुढच्या वळणावर काहीच झालं नाही. दुभाजक अरुंद झाला तिथे बाहेरची लेन साडेतीनऐवजी दोन मीटरची दिसायला लागली. बसथांब्याच्या टेपरचा (रुंदी हळूहळू वाढते त्या तिरक्या भागाचा) कोपराच कापला गेला. छत्रपती संभाजीनगर असो, लातूर असो की नांदेड, रस्त्यांचं डिझाइन करणाऱ्या मुलामुलींकडून हे प्रश्न सारखे येत राहतात. फोनवर तुकड्यातुकड्यात सांगून ते मिटत नाहीत, म्हणून एकदा सलग लिहून ठेवतो आहे.

या तक्रारी वरून वेगवेगळ्या दिसतात, पण मूळ एकच आहे. त्या चेनेजला (रस्त्याच्या सुरुवातीपासून मोजलेल्या अंतराला) लेनच्या कडेवर हुकूम कोणाचा चालतो आहे, हे न पाहता आपण रुंदीचा आकडा बदलत बसतो. आकडा बदलून फरक पडला नाही की असेंब्लीची (रस्त्याच्या आडव्या छेदाच्या साच्याची) कॉपी काढतो, मग नवा रीजन (एक असेंब्ली लागू असलेला रस्त्याचा तुकडा) टाकतो, मग सेक्शन एडिटरमध्ये (एकेक आडवा छेद, म्हणजे सेक्शन, दाखवणाऱ्या खिडकीत) जाऊन हाताने कड ओढतो. आठवड्याने त्या कॉरिडॉरमध्ये काय कशामुळे होतंय हे ज्याने केलं त्यालाही सांगता येत नाही.

कडेवर हुकूम चालवणारे चारच आहेत. लेनच्या सबअसेंब्लीत (असेंब्लीतल्या लेनच्या सुट्या भागात) भरलेली रुंदी, हा पहिला. त्या लेनला दिलेलं टार्गेट, म्हणजे कड जिच्यावर न्यायची ती रेषा, हा दुसरा; ती ऑफसेट अलाइनमेंट (रस्त्याच्या मूळ आखणीपासून ठरावीक अंतरावरची रेषा), पॉलिलाइन किंवा फीचर लाइन असू शकते. सेक्शन एडिटरमधून एखाद्या सेक्शनपुरता केलेला बदल तिसरा. आणि चौथा, ज्याचा सगळ्यांना विसर पडतो: लेन ज्या बिंदूला जोडलेली आहे तो बिंदू. आतली सबअसेंब्ली सरकली की तिला जोडलेली बाहेरची सगळी साखळी तिच्यासोबत सरकते.

आधी बिघाड सुरू होतो ते चेनेज शोधा

काहीही बदलण्याआधी सेक्शन एडिटर उघडा आणि चांगल्या भागातून बिघडलेल्या भागाकडे एकेक सेक्शन पुढे जा. कड नेमकी कोणत्या सेक्शनला चुकली ते चेनेज कागदावर लिहा. पुन्हा बरोबर कुठे झाली तेही लिहा. या दोन आकड्यांत अर्धं उत्तर असतं.

ते चेनेज रीजनच्या सुरुवातीशी जुळलं, तर त्या रीजनला टार्गेट दिलेलंच नाही. नवा रीजन टाकल्यावर त्याच्या टार्गेटचे रकाने रिकामे असतात, शेजारच्या रीजनकडून ते आपोआप येत नाहीत. टार्गेटची रेषा जिथे संपते त्या चेनेजशी जुळलं, तर रेषा अपुरी आहे. मधलेच दोन-तीन सेक्शन चुकलेत आणि मागचे-पुढचे बरोबर आहेत, तर कोणीतरी तिथे हाताने बदल करून ठेवलेला आहे. आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळंच चुकलंय, तर दोष असेंब्लीत आहे, टार्गेटमध्ये शोधून उपयोग नाही.

एवढं पाहायला फार वेळ लागत नाही. तरीही बहुतेक जण ही पायरी टाळतात आणि थेट कॉरिडॉर प्रॉपर्टीजमध्ये शिरून सगळ्या रीजनची टार्गेट एकदम बदलतात. त्यामुळे जे बरोबर होतं तेही हलतं.

टार्गेट कडेची जागा ठरवतं

हा मुद्दा नीट बसला की निम्म्या अडचणी येतच नाहीत. लेनला रुंदीचं टार्गेट दिलं की सॉफ्टवेअर त्या सेक्शनला बेसलाइनला (कॉरिडॉर जिच्यावर उभा आहे त्या मूळ रेषेला) काटकोनात जातं, टार्गेटची रेषा कुठे भेटते ते पाहतं आणि लेनची बाहेरची कड तिथे नेऊन ठेवतं. लेन सुरू कुठून होते याच्याशी टार्गेटला देणंघेणं नसतं. मधलं जे अंतर उरेल ती लेनची रुंदी.

चौपदरी रस्त्यावर हे सगळ्यात जास्त नडतं. समजा दुभाजक ४.५ मीटरचा आहे आणि बेसलाइन त्याच्या मध्यावर. म्हणजे आतली कड २.२५ वर, तिथून ३.५ च्या दोन लेन, बाहेरची कड ९.२५ वर. (कर्बलगतची सुरक्षित पट्टी इथे सोयीसाठी सोडून दिली आहे, प्रत्यक्षात ती धरा.) पुढे गावाजवळ जागा नाही म्हणून दुभाजक १.५ मीटरवर आणायचा आहे. आतली कड ०.७५ वर यायला हवी आणि बाहेरची ७.७५ वर.

आता एकाने फक्त बाहेरच्या लेनला ७.७५ वरची नवी ऑफसेट अलाइनमेंट दिली आणि दुभाजकाला हात लावला नाही. आतली लेन २.२५ पासून ५.७५ पर्यंत तशीच राहिली, बाहेरच्या लेनला उरले ५.७५ ते ७.७५, म्हणजे दोन मीटर. दुसऱ्याने उलटं केलं. दुभाजकाला टार्गेट देऊन तो अरुंद केला, पण बाहेरच्या लेनचं जुनं ९.२५ चं टार्गेट काढायचं राहिलं. आतली लेन सरकून ०.७५ ते ४.२५ झाली आणि बाहेरची ४.२५ पासून थेट ९.२५ पर्यंत ताणली गेली, पाच मीटर रुंद. प्लॅनमध्ये, म्हणजे वरून पाहिलं तर दोन्ही वेळा बाहेरची कड अगदी गुळगुळीत दिसते. मधली रेषा पाहिल्याशिवाय चूक कळत नाही.

यावर माझं मत ठाम आहे. अशा ठिकाणी टार्गेट फक्त दुभाजकाच्या कडेला द्या आणि दोन्ही लेनची रुंदी सबअसेंब्लीतल्या ३.५ वर सोडा. आतली कड सरकली की दोन्ही लेन आपल्या पूर्ण रुंदीसह मागोमाग येतील. बाहेरच्या लेनला वेगळं टार्गेट तेव्हाच द्यावं जेव्हा तिची रुंदी खरोखर बदलते: वळणातली वाढ, वळणाऱ्या गाड्यांसाठी जादा लेन, बसथांबा. एका कडेला एकच मालक ठेवा.

टार्गेटची रेषा आतल्या लेनच्याही आत गेली तर काय होतं, हे एकदा मुद्दाम करून पाहा. लेन शून्याची होते किंवा उलटी वळते, आणि पुढचे शोल्डर (लेनबाहेरच्या पट्ट्या), उतार सगळे एकमेकांवर चढतात. कॉरिडॉरच्या सरफेसमध्ये अचानक काटे दिसायला लागले तर पहिला संशय इथे घ्या.

वळणातली जादा रुंदी

आयआरसी ७३ (इंडियन रोड्स काँग्रेसचं रस्त्यांच्या भूमितीचं मानक) च्या १९८० च्या आवृत्तीतल्या तक्त्यानुसार दुपदरी रस्त्यावर १०१ ते ३०० मीटर त्रिज्येच्या वळणाला ०.६ मीटर जादा रुंदी द्यायची असते, ६१ ते १०० ला ०.९, ४१ ते ६० ला १.२, आणि ३०० च्या वर काही नाही. प्रकल्पाला जे मॅन्युअल लागू असेल त्यातला आकडा घ्या, इथे पद्धत समजण्यापुरता हा धरू.

त्रिज्या २५० मीटर, वेग ताशी ८० किलोमीटर. सात मीटरचा कॅरेजवे (गाड्या चालतात तो भाग) ७.६ चा होणार, दोन्हीकडे समान वाढ दिली तर प्रत्येक लेन ३.८ ची. नेहमीची चूक अशी: वर्तुळाकार वळण जिथे सुरू होतं तिथून ते संपेपर्यंत ३.८ वर एक पॉलिलाइन ओढायची आणि तिला टार्गेट करायचं. त्याआधीच्या सेक्शनला टार्गेट सापडत नाही. टार्गेट सापडलं नाही की सॉफ्टवेअर मुकाट्याने सबअसेंब्लीतली रुंदी वापरतं, म्हणजे ३.५. परिणाम असा की एका सेक्शनला ३.५ आणि लगेच पुढच्याला ३.८. कड तीस सेंटीमीटरने उडी मारते आणि शोल्डर, उतार, पायथ्याची रेषा सगळे तिच्यामागे उडी मारतात.

जादा रुंदी संक्रमण वळणाच्या (सरळ रस्ता आणि वर्तुळाकार वळण यांना जोडणाऱ्या भागाच्या) लांबीत हळूहळू वाढायला हवी. २५० त्रिज्या आणि ८० च्या वेगाला ते वळण साधारण ८५ ते ९० मीटर येतं. म्हणजे तीस सेंटीमीटर नव्वद मीटरमध्ये विरघळतात, डोळ्याला कळतही नाहीत. पॉलिलाइनचे तुकडे जोडण्यापेक्षा रस्त्याच्या पूर्ण लांबीची ऑफसेट अलाइनमेंट दोन्ही बाजूंना काढा आणि जिथे हवी तिथे तिच्यातच वाइडनिंग टाका. मूळ अलाइनमेंट बदलली तरी ती सोबत चालते. पूर्ण लांबीचं टार्गेट असलं की 'रेषा संपली' ही तक्रारच उरत नाही.

एक युक्ती सांगतो, ती मला फार उपयोगी पडली आहे. पूर्ण लांबीचं टार्गेट दिलं असेल तर सबअसेंब्लीतली रुंदी मुद्दाम एक मीटर भरून ठेवा. टार्गेट सगळीकडे लागलेलं असेल तर हा आकडा कुठेच वापरला जात नाही. पण कुठे टार्गेट तुटलं की लेन तिथे एकदम एक मीटरची होते आणि प्लॅनमध्ये लगेच डोळ्यात भरते. ३.५ भरलेलं असलं तर तीच चूक झाकून जाते. मात्र हीच असेंब्ली दुसऱ्या कामात, टार्गेट न देता वापरायची असेल तर आकडा आठवणीने पूर्ववत करा.

घाटात हिशोब वेगळा. मांजरसुंब्याचा घाट असो की कन्नडचा, डोंगरी रस्त्यावर जादा रुंदी शक्यतो सगळी आतल्या बाजूला द्यायची पद्धत आहे. मैदानातल्या कामाची फाइल उघडून तीच दोन्हीकडे ०.३ ची टार्गेट घाटात चिकटवली तर बाहेरची कड दरीकडे जाते आणि तिथे भिंत उभी करावी लागते. आणि आतल्या बाजूला पूर्ण ०.६ दिल्यावरही काम संपत नाही. बेसलाइन जागेवरच राहते, त्यामुळे मॉडेलमध्ये आतली लेन ४.१ ची आणि बाहेरची ३.५ ची दिसते. रस्त्यावर मारायची मधली पट्टी बेसलाइनपासून ०.३ आत घ्यायला हवी, तेव्हा दोन्ही लेन ३.८ च्या होतात. पट्ट्यांचा नकाशा काढणारा माणूस बेसलाइनलाच मधली पट्टी समजतो, त्याला हे वेगळं सांगावं लागतं.

टार्गेटचा रकानाच दिसत नाही

"सर, लेनला टार्गेट द्यायचंय, पण यादीत नावच येत नाही." याचं कारण बहुतेक वेळा बेसिकलेन ही सबअसेंब्ली असते. टूल पॅलेटमध्ये ती पहिल्यांदा हाताला लागते म्हणून घेतली जाते, पण तिला टार्गेटची सोयच नाही. तिची रुंदी तीच कायम. तिच्या जागी बेसिकलेनट्रान्झिशन किंवा लेनसुपरएलिव्हेशनएओआर घ्या.

बेसिकलेनट्रान्झिशन घेऊनही कड हलत नसेल तर तिच्या प्रॉपर्टीजमध्ये ट्रान्झिशन नावाचा पर्याय पाहा. तिथे 'होल्ड ऑफसेट अँड एलिव्हेशन' असेल तर टार्गेट दिलं काय, न दिलं काय, सारखंच. कड फक्त आडवी हलवायची आणि आडवा उतार तसाच ठेवायचा असेल तर 'होल्ड ग्रेड, चेंज ऑफसेट'. वळणात बाह्योन्नती (बाहेरची बाजू उचलून दिलेला उतार) असलेल्या रस्त्याला मी लेनसुपरएलिव्हेशनएओआरच घेतो. तिथे 'यूज सुपरएलिव्हेशन' मध्ये डावी-उजवी, आतली-बाहेरची बरोबर निवडली आहे ना ते पाहा. ते चुकलं तर कड प्लॅनमध्ये जागेवर असते आणि उंचीत चुकते. तो वेगळा विषय आहे, त्यात इथे शिरत नाही.

सबअसेंब्लींना नावं द्या, हे मी प्रत्येकाला सांगतो. टार्गेटच्या यादीत एकाच नावापुढे सात, बारा, एकोणीस असे आकडे असले की कोणता आकडा कोणत्या लेनचा हे ओळखणं अशक्य. 'डावी आतली लेन', 'डावी बाहेरची लेन', 'उजवा शोल्डर' अशी नावं असेंब्ली बनवतानाच दिली की चुकीच्या लेनला टार्गेट देण्याचा प्रश्नच मिटतो.

टेपरचा कोपरा

सरळ रस्त्यावर सेक्शनचं अंतर, म्हणजे फ्रिक्वेन्सी, २५ मीटर ठेवलेली असते. बसथांब्यासाठी कड तीन मीटर बाहेर न्यायची आहे, एकास आठच्या प्रमाणात, म्हणजे टेपरची लांबी २४ मीटर. समजा टेपर १२+४०५ ला (१२ किलोमीटर ४०५ मीटरला) सुरू होतो आणि १२+४२९ ला पूर्ण रुंदीला पोचतो. कॉरिडॉरचे सेक्शन आहेत १२+४००, १२+४२५ आणि १२+४५० ला.

४०० ला वाढ शून्य. ४२५ ला टेपरचे वीस मीटर झालेत, म्हणजे अडीच मीटर. ४५० ला पूर्ण तीन. सॉफ्टवेअर या तीन बिंदूंना सरळ रेषेने जोडतं. त्यामुळे ४०५ ला जिथे वाढ शून्य हवी तिथे अर्धा मीटर येते, आणि ४२९ ला जिथे तीन हवी तिथे २.५८ येते. ऑफसेट अलाइनमेंट बिनचूक आहे, टार्गेट बरोबर लागलंय, तरी बसचं मागचं चाक जिथे वळणार तिथे बेचाळीस सेंटीमीटर डांबर कमी. क्वांटिटीही याच चुकीच्या आकारावरून निघते.

उपाय सोपा आहे. रीजनच्या फ्रिक्वेन्सीत 'अ‍ॅट ऑफसेट टार्गेट जिऑमेट्री पॉइंट्स' हे 'येस' करा. मग टार्गेटच्या प्रत्येक कोपऱ्याला एक सेक्शन आपोआप पडतो. टार्गेट रीजनच्या मध्येच सुरू होत किंवा संपत असेल तर 'अ‍ॅडजेसंट टू ऑफसेट टार्गेट स्टार्ट/एंड' हेही चालू करा. वळणाकार टेपर असेल तर त्या भागात फ्रिक्वेन्सी पाच मीटरवर आणा. सगळ्या रस्त्याला पाच मीटर करू नका. फाइल जड होते, रीबिल्डला वेळ लागतो आणि शेवटी कंटाळून कोणीतरी रीबिल्ड करणंच टाळतं.

हाताने केलेले बदल

सेक्शन एडिटरमध्ये एका सेक्शनची रुंदी बदलली की तो बदल ओव्हरराइड म्हणून तिथे चिकटून राहतो. पुढे असेंब्लीत तुम्ही काहीही बदला, त्या सेक्शनला ते लागत नाही. एखाद्या पुलाच्या अ‍ॅप्रोचला किंवा मोरीच्या जागी घाईत असा बदल केला जातो आणि तो करणारा दुसऱ्या कामाला लागतो. नंतर अलाइनमेंट सुधारली, मोरीची जागा बदलली, तरी त्या दोन सेक्शनमध्ये जुनी रुंदी तशीच.

प्रत्येक सेक्शनच्या पॅरामीटरच्या यादीत ओव्हरराइडची खूण दिसते. संशयित भागात ती पाहा आणि काढून टाका. खरंच तिथे वेगळी रुंदी हवी असेल तर ती टार्गेटमधून द्या, म्हणजे प्लॅनमध्ये दिसेल आणि पुढच्या माणसाला कळेल. सादर करायच्या आदल्या दिवशी एखादा सेक्शन हाताने ओढणं समजू शकतो, पण त्याची नोंद फाइलसोबत असायला हवी: चेनेज, कारण, कोणी केलं.

सर्व्हेची कड टार्गेट म्हणून घेऊ नका

हे मराठवाड्यात विशेष सांगावं लागतं. आपल्याकडे बहुतेक रस्ते काळ्या मातीवर आहेत. पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात, आणि डांबराची कड बाजूच्या आधाराअभावी तुटत जाते. टोटल स्टेशनवाला (मोजणीचं यंत्र चालवणारा) प्रामाणिकपणे जिथे डांबर संपतं तिथे बिंदू घेतो. एका बिंदूला कड तीन मीटरवर, दहा मीटर पुढे दोन पूर्णांक सहावर, कारण तिथे खड्डा आहे. पुढे शेतात ट्रॅक्टर उतरतात तिथे डांबर पसरून साडेतीनवर.

रुंदीकरणाच्या कामात ही तुटकी रेषा जशीच्या तशी टार्गेट म्हणून दिली जाते, कारण 'सध्याचा रस्ता तर हाच आहे'. मग नवी लेन सापासारखी वळवळते. शिवाय सर्व्हेच्या पॉलिलाइनमध्ये कोड (बिंदूला दिलेली खूण) बदलला की रेषा तुटलेली असते. नेमका सेक्शन त्या फटीत पडला की टार्गेट सापडत नाही आणि कड मूळ रुंदीवर परत. 'मधूनच एकाच सेक्शनला कड सरकते' या तक्रारीत ओव्हरराइड नसेल तर हीच फट शोधा.

सर्व्हेच्या बिंदूंवरून आधी सध्याच्या रस्त्याची बेस्ट फिट अलाइनमेंट (बिंदूंना सगळ्यात जवळून जाणारी सलग रेषा) काढा, तुटलेल्या आणि पसरलेल्या जागचे बिंदू त्यातून वगळा, आणि त्या अलाइनमेंटपासून लेनच्या कडा ठरवा. रुंदीकरण एकाच बाजूला करायचं असेल तर जुनी कड आणि नवी कड यांत किती रुंदीची पट्टी उरते तेही तपासा. रोलर चालणार नाही इतकी अरुंद पट्टी उरली तर ती नीट दाबली जात नाही आणि काळ्या मातीवर तिथूनच लांबट भेग पडते. लेन थोडी सरकवून पट्टी रुंद करणं हा तिथे डिझाइनचाच भाग आहे.

डावी-उजवी आणि बाकी किरकोळ

बाजू चेनेज वाढण्याच्या दिशेने ठरते. अलाइनमेंट उलटी केली की डावं उजवं होतं, आणि डाव्या लेनचं टार्गेट उजवीकडे राहतं. उलटं केल्यावर वेग, बाह्योन्नती आणि सगळी टार्गेट पुन्हा पाहावी लागतात. म्हणून चेनेजची दिशा पहिल्या दिवशीच पक्की करा. असेंब्लीत एका बाजूचं दुसऱ्या बाजूला घेताना सबअसेंब्लीचीच मिररची आज्ञा वापरा, ऑटोकॅडची साधी मिरर नको.

एकाच लेनला दोन रेषा टार्गेट म्हणून दिल्या असतील तर जवळची घ्यायची की लांबची, हा पर्याय टार्गेटच्या खिडकीत असतो. सर्व्हिस रोडची रेषा आणि मुख्य रस्त्याची कड दोन्ही यादीत टाकून 'लांबची' निवडली तर मुख्य लेन थेट सर्व्हिस रोडपर्यंत जाते. सर्व्हिस रोडला स्वतःची अलाइनमेंट आणि स्वतःचं प्रोफाइल (उंचीची रेषा) असेल तर त्याला वेगळी बेसलाइनच द्या.

ऑफसेट अलाइनमेंट डेटा शॉर्टकटने (दुसऱ्या फाइलच्या संदर्भाने) आली असेल आणि कोणी फोल्डर हलवला असेल, तर संदर्भ तुटतो. टार्गेट बदलण्याआधी संदर्भ जिवंत आहे ना ते पाहा.

ओपनरोड्स या अशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांसाठी थोडक्यात: तिथे टेम्पलेटच्या (तिथल्या असेंब्लीच्या) बिंदूवर पॉइंट कंट्रोल (बिंदूला रेषेशी बांधणारा) असतो आणि पॅरामेट्रिक कन्स्ट्रेंटही (बिंदूचं अंतर आकड्याने बदलणारा) असू शकतो. एकाच बिंदूवर दोन कंट्रोल लावले की प्रायॉरिटीवरून कोणाचं चालणार ते ठरतं. कड ऐकत नसेल तर त्या बिंदूवर लावलेल्या सगळ्या कंट्रोलची यादी काढा आणि नको ते काढा. मालक शोधायचा हेच तिथेही.

नकाशा पुढे देण्याआधी

मोजून पाहा. प्रत्येक वळणात संक्रमण सुरू होतं तिथे, वर्तुळ सुरू होतं तिथे, संपतं तिथे, आणि संक्रमण संपतं तिथे असे चार सेक्शन. प्रत्येक टेपरची दोन टोकं. दुभाजक बदलतो ती दोन टोकं. प्रत्येक रीजनच्या सांध्याआधीचा आणि नंतरचा सेक्शन. या ठिकाणी बेसलाइनपासून प्रत्येक लेनच्या दोन्ही कडांचं अंतर लिहून काढा, फक्त बाहेरच्या कडेचं नको.

हे तपासणं कंटाळवाणं आहे, पण लेनची कड चुकली की शोल्डर चुकतो, भरावाचा पायथा चुकतो आणि त्यावरून काढलेली संपादनाची हद्द चुकते. अर्धा मीटर कड दोन किलोमीटर बाहेर गेली तर हजार चौरस मीटर होतात, जवळपास दहा गुंठे. संयुक्त मोजणीला भूमी अभिलेखचे लोक आपल्या नकाशावरूनच खुणा रोवतात आणि धुऱ्यावर उभा असलेला शेतकरी त्या खुणेकडे बघत असतो. त्याच्या सातबाऱ्यावरची जमीन आपल्या राहून गेलेल्या टार्गेटमुळे जाऊ नये, किंवा कमी दाखवल्यामुळे पुढे दुसऱ्यांदा मोजणीला यावं लागू नये.

एवढं करूनही कड सरकतच असेल तर विचारताना या गोष्टी सोबत द्या: सॉफ्टवेअरची आवृत्ती, बिघाड सुरू होतो आणि संपतो ती दोन चेनेज, त्या रीजनच्या टार्गेटच्या खिडकीचं चित्र, त्या लेनच्या सबअसेंब्लीचं नाव आणि पॅरामीटर, आणि एक चांगला व एक बिघडलेला सेक्शन शेजारी-शेजारी. 'लेन सरकते' एवढ्यावर कोणालाच काही सांगता येत नाही. या पाच गोष्टी असल्या की बहुतेक वेळा फाइल न उघडताही कारण सापडतं.